परदेशातल्या मंडळीत 14 दिवस

आम्ही नऊ जण मिशन ट्रिपला, म्हणजे परदेशातल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) सेवेसाठी गेलो होतो. त्यांतले पाच जण पहिल्यांदाच देशाबाहेर पडत होते, आणि मिशन ट्रिपचा अनुभव असा फक्त आमच्या टीमप्रमुखांनाच होता. परत आल्यापासून सगळे एकच विचारतात, "दिवसभर तुम्ही नक्की काय करायचात?" पुढच्या टीमची नावं येऊ लागली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहाटे साडेपाचला उठायचं. खोलीत नळ नव्हता. अंगणातल्या टाकीतून प्रत्येकी एक बादली, त्यातच अंघोळ आणि त्यातच कपडे. साडेसहाला शास्त्रपाठ (बायबलवाचन) आणि प्रार्थना, चालवणारा रोज वेगळा. आठपासून काम, दुपारी घरभेटी, संध्याकाळी उपासना. रात्री जेवणानंतर टीमची बैठक: कोण दमलंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, उद्या कोणाला विश्रांती द्यायची. ही बैठक काही झालं तरी चुकवू नका. चौथ्या दिवशी आमच्यात कपडे वाळत घालण्यावरून दोघींचं वाजलं होतं. त्याच रात्री बोलणं झालं, दोघींनी एकत्र प्रार्थना केली, आणि विषय मिटला. दोन दिवस तसाच राहिला असता तर सगळ्या टीमला जड गेलं असतं.

आम्ही जाताना प्रार्थनागृह रंगवायचं ठरवून गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी टीमप्रमुखांनी पाळकसाहेबांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना विचारलं, "हे काम इथं एरवी कोण करतं?" मंडळीतलेच एक रंगारी होते, आणि त्यांच्या हाताला महिनाभर काम नव्हतं. आम्ही आणलेल्या दानातून त्यांना पूर्ण मजुरी दिली आणि त्यांच्या हाताखाली घासकाम केलं. भिंत कशी घासायची, अस्तर किती वाळू द्यायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. हा प्रश्न खरं तर निघण्याआधी, पत्रव्यवहारातच विचारायला हवा होता. तुम्ही जरूर विचारा. जे काम तिथला माणूस आपल्यापेक्षा चांगलं करतो, ते फुकट करून देणं म्हणजे त्याची रोजी काढून घेणं आहे.

आता दुभाषीबद्दल, कारण इथे आमचं सगळ्यात जास्त चुकलं. आमची दुभाषी तिथल्याच शाळेतली शिक्षिका होती. पहिल्या दिवशी मी माझी साक्ष, म्हणजे माझ्या विश्वासाचा अनुभव, लिहून नेली होती, 20 मिनिटांची. ती 40 मिनिटं चालली, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. म्हणून हातात वेळ असेल त्याच्या निम्मीच तयारी करा. वाक्य लहान ठेवा आणि पूर्ण करूनच थांबा. अर्ध्यावर थांबलात तर तिला पुढचं ओळखावं लागतं. म्हणी, कोट्या, शब्दांचे खेळ टाळा. कोणती वचनं वाचणार ते आदल्या रात्रीच सांगा, म्हणजे ती आपल्या भाषेतल्या बायबलमध्ये खुणा करून ठेवते. आणि बोलताना तिच्याकडे न पाहता लोकांकडे पाहा. दुसऱ्या रविवारी हे सगळं पाळलं. मागच्या बाकावरच्या एक आजी उपासनेनंतर माझा हात धरून बराच वेळ रडल्या. त्यांचाही मुलगा आजारात गेला होता, माझ्या साक्षीतल्या भावासारखाच.

रविवारची उपासना सकाळी दहाची, पण लोक साडेअकरापर्यंत येत राहायचे. आम्ही सुरुवातीला सारखं घड्याळ पाहायचो. मग लक्षात आलं, की त्या दीड तासातच कोण आजारी, कोणाच्या घरी धान्य संपलं, हे एकमेकांना कळत होतं. आम्हीही त्यांच्यात बसू लागलो.

मुलांच्या बाबतीत नियम कडक ठेवा. शब्बाथ शाळेत (मुलांच्या बायबल वर्गात) दोन मोठी माणसं कायम हवीत. कुठल्याही मुलाबरोबर एकट्याने थांबायचं नाही. आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो नाही. भेटवस्तू परस्पर वाटू नका, पाळकसाहेबांच्या हाती द्या. आणि "पुढच्या वर्षी येईन" असं सहज बोलू नका. मुलं ते धरून बसतात.

व्हिसाचं आधी नीट पाहा. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर उपदेश किंवा सेवाकार्य चालत नाही. यजमान मंडळीचं आमंत्रणपत्र घ्या, योग्य प्रकारचा व्हिसा मागा, आणि विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं तर खरं कारण सांगा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असू द्या. टीममध्ये डॉक्टर किंवा नर्स असली तरी तिथल्या परवानगीशिवाय कोणाला तपासू नये.

आम्ही गेलो तो भाग मलेरियाचा. पिवळ्या तापाची लस लागणार असेल तर ती प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हापासूनच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे कार्ड जपून ठेवा. मलेरिया टाळण्याची गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. आम्हाला डॉक्सीसायक्लिन दिली होती. ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. तिच्यामुळे उन्हाने कातडी लवकर भाजते, आमच्यातल्या दोघांची भाजली, तेव्हा टोपी आणि लांब बाह्यांचे कपडे न्याच. मलेरियाचे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, म्हणून मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा. पाणी खळखळ उकळल्यावर एक मिनिट उकळत ठेवा. 2000 मीटरपेक्षा उंच गावात तीन मिनिटं. ओआरएसची पाकिटं प्रत्येकाच्या पिशवीत हवीत. वीज वरचेवर जायची, पण पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते, हे विसरू नका.

परत आल्यावर डॉक्सीसायक्लिन आणखी चार आठवडे घ्यायची असते. आमच्यातल्या एकाने घरी पोचताच ती सोडली आणि तिसऱ्या आठवड्यात तापाने फणफणला. त्याने दवाखान्यात पहिल्याच वाक्यात कुठून आलो ते सांगितलं, म्हणून रक्त लगेच तपासलं गेलं आणि मलेरिया वेळेत सापडला. परतल्यानंतर वर्षभरात कधीही ताप आला, तरी प्रवासाचं आधी सांगा.