माउंट स्मार्टवरची शेवटची सात मिनिटं

न्यूझीलंडहून आल्यावर सगळे मिलफर्ड साउंडबद्दल विचारतात. पाहिलं. टेकापोचं निळं पाणीही पाहिलं, क्वीन्सटाउनमध्ये गर्दी आणि खोलीचं भाडं दोन्हींनी जीव नकोसा केला. त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय 25 नोव्हेंबर 2017 च्या संध्याकाळबद्दल, कारण ती अजून डोक्यातून जात नाही. ऑकलंडच्या माउंट स्मार्ट स्टेडियमवर रग्बी लीग विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. इंग्लंड 20, टोंगा 18. टोंगा म्हणजे प्रशांत महासागरातला चिमुकला बेटांचा देश.

माझा मावसभाऊ ऑकलंडला असतो. तिकिटं त्यानेच काढली. वहिनी म्हणाल्या, "दोन तास आधी निघा, ओटाहुहू उपनगराकडून सगळा रस्ता टोंगाच्या झेंड्यांनी लाल झालाय." खरंच होता. गाड्यांच्या टपांवर, खिडक्यांत, घरांच्या कठड्यांवर टोंगाचे झेंडे. स्टेडियमजवळ एका कुटुंबाने व्हॅनचं मागचं दार उघडून जेवण मांडलं होतं. ओळख ना पाळख, तरी त्यातल्या आजींनी आमच्या हातात फॉइलची पुडी ठेवली. आत अळूची पानं, नारळाच्या दुधात शिजून मऊ झालेली, आणि त्यांत गुंडाळलेलं मटण. इतक्या महागड्या देशात इतकं मोकळं आदरातिथ्य मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही.

टोंगाची लोकसंख्या जेमतेम एक लाख. न्यूझीलंडमध्येच जवळपास तितकेच टोंगन राहतात. म्हणून ऑकलंड हेच त्यांचं घरचं मैदान. जेसन ताउमालोलो आधी न्यूझीलंडकडून खेळलेला, अँड्र्यू फिफिता ऑस्ट्रेलियाकडून. दोघांनी त्या स्पर्धेआधी मोठ्या संघांचं मानधन सोडून टोंगाची जर्सी घेतली. गटात या संघाने हॅमिल्टनला न्यूझीलंडला 28-22 असं हरवलं होतं.

रग्बीच्या या लीग प्रकारात तेरा-तेरा खेळाडू असतात आणि सहा पकडींच्या (चेंडूवाल्याला अडवून पाडण्याच्या) आत काही जमलं नाही तर चेंडू समोरच्याला द्यायचा. इंग्लंडने या सहा पकडी फार शिस्तीने वापरल्या. सामना संपायला सात मिनिटं उरली तेव्हा फळा 20-0 दाखवत होता. माझ्या पुढच्या रांगेतली माणसं तरीही प्रार्थनागीतं गात होती. त्या सुरात हरल्याचा लवलेश नव्हता.

मग टोंगाने ट्राय केला, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवला; त्याचे चार गुण, आणि नंतरची किक साधली तर आणखी दोन. पाठोपाठ दुसरा. मग तिसरा, आणि तिन्हींवरची किक गोलखांबांमधून गेली. 20-18. स्टँडचं काँक्रीट पायाखाली थरथरत होतं. शेजारचा धिप्पाड गृहस्थ माझा दंड इतका घट्ट धरून उभा होता की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. अगदी शेवटच्या क्षणी फिफिता चेंडू घेऊन रेषेकडे झेपावला, मागून इंग्लंडच्या खेळाडूचा हात आला आणि चेंडू निसटला. पंचांनी चेंडू फिफिताच्याच हातून पुढे सुटल्याचं, म्हणजे चूक त्याचीच असल्याचं ठरवलं, व्हिडिओ पाहिला नाही, आणि सामना संपला.

मला याचा अजून राग आहे. निर्णय कदाचित बरोबरही असेल. पण विश्वचषकाची उपांत्य फेरी, दोन गुणांचा फरक, आणि मैदानावर व्हिडिओ पंच हजर असताना दोन मिनिटं थांबून पाहायला काय हरकत होती? पुढे हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, ऑकलंडमध्ये मोर्चा निघाला. स्टेडियममधून बाहेर पडताना मात्र एकानेही कुणाला शिवी दिली नाही. इंग्लंडचे शर्ट घातलेले लोक आमच्यासोबतच चालत होते आणि टोंगन पोरं त्यांच्याशी हस्तांदोलन करत होती.

त्या हरण्याने टोंगाला एक गोष्ट मिळवून दिली: मोठे देश त्यांच्याशी खेळायला तयार झाले. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाशी पहिला आंतरराष्ट्रीय सामना याच मैदानावर झाला, 34-16 ने हरले. 2019 मध्ये ऑकलंडच्याच ईडन पार्कवर त्याच ऑस्ट्रेलियाला 16-12 ने हरवलं. 2022 च्या विश्वचषकात सामोआने त्यांना बाहेर काढलं, पुन्हा 20-18. 2024 मध्ये माउंट स्मार्टवरच न्यूझीलंडला 25-24 ने हरवून ते पॅसिफिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले आणि ऑस्ट्रेलियाकडून 20-14 ने हरले.

हे आकडे कुठल्या दुबळ्या संघाचे नाहीत. टोंगाला ताकदीची कमतरता नाही, कमतरता आहे ती एकत्र खेळण्याच्या दिवसांची. वर्षभर हे खेळाडू सिडनी, ब्रिस्बेन, ऑकलंडच्या क्लबांत विखुरलेले, आणि राष्ट्रीय संघाच्या वाट्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले मोजके सामने. अशाने अटीतटीच्या वेळी कोणी कुठे धावायचं हे अंगवळणी कसं पडणार? 2026 चा विश्वचषक मुख्यतः ऑस्ट्रेलियात ठरलाय. माझ्या मते या संघाला अंतिम फेरी गाठता येईल, फक्त त्यांना मोठ्या संघांशी दरवर्षी, नेमाने, ऑकलंडमध्ये खेळू द्या. आजींच्या कुटुंबासारखी माणसं व्हॅन भरून येतीलच.