वाळवणाचा धंदा

गावात कुणी विचारलं की आई सांगते, "त्याचा कॅनडात वाळवणाचा धंदा आहे." ऐकणाऱ्याला वाटतं, पापड-कुरडया. आई खोटं बोलत नाही. आम्ही वाळवायच्या जाळ्या, टांगायच्या चौकटी, कात्र्या असलं सामान बनवतो आणि विकतो. त्यावर वाळतो तो मात्र गांजा, लोकांनी आपापल्या घरी कायद्यानं लावलेला.

आमचं घर तासगावचं. चार एकर द्राक्षं आणि बेदाण्याचं शेड. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत माझं काम म्हणजे डिपिंगच्या टबाजवळ क्रेट सरकवणं. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो पाण्याला बाहेर पडू देत नाही. म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात घड बुडवून काढायचे, जाळीवर पसरायचे, की पंधरा-वीस दिवसांत माल तयार. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. त्यात अवकाळी पाऊस आला की माल काळा पडायचा आणि आबा दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. त्यामुळे वाळवणं म्हणजे घाई, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

ऑन्टारियो प्रांतातल्या हॅमिल्टनला मी पत्राकामाच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होतो. १७ ऑक्टोबर २०१८ ला इथं गांजा कायदेशीर झाला आणि घरटी चार झाडं लावायची मुभा मिळाली. क्युबेक आणि मॅनिटोबा या प्रांतांनी ती दिली नाही. मॅनिटोबानं पुढं २०२५ मध्ये बंदी उठवली. २०१९ च्या शरदात माझ्या फोरमननं गॅरेजमध्ये दोरीला उलट्या टांगलेल्या फांद्या दाखवल्या. मी म्हटलं, यापेक्षा चांगलं शेड तर आमच्या बांधावर आहे!

मग गॅरेजमध्ये रॅक केले. पाच मजली, नायलॉनची जाळी, तळाला पंखा, बाजूला छोटा हीटर. चाळीस नग. माल तीन दिवसांत खडखडीत. मी खूश, फोरमन खूश, आणि तीन आठवड्यांनी फोन सुरू झाले. गेल्फच्या एका बाईंनी बरणी आणून माझ्यासमोर उघडली. वर ओल्या गवताचा वास, तळाला पांढरी बुरशी. बाहेरून कुरकुरीत झालेल्या गांजाच्या कळीच्या, म्हणजे फुलाच्या, पोटात ओल तशीच राहिली होती. बरणीत कोंडल्यावर ती बाहेर आली. चाळीसांतल्या एकतीस रॅकचे पैसे परत केले. सौ.नं हिशेबाच्या वहीत त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय, अजून.

चूक माझ्या मुळातच होती. द्राक्षाला पाणी लवकर बाहेर काढायचं असतं, इथं ते रोखून धरायचं असतं. गांजाचा वास ज्या तेलांत असतो ती उष्णतेनं उडतात, आणि पानातला हिरवेपणा मरायला वेळ लागतो. पंधरा ते वीस अंश तापमान, पंचावन्न-साठ टक्के आर्द्रता, पूर्ण अंधार, हवा खेळती पण थेट फुलावर न येणारी, आणि दहा ते चौदा दिवस. हीटर आम्ही काढून टाकला. पंख्याचं तोंड भिंतीकडं वळवलं. एवढ्या बदलाला मला एक वर्ष लागलं, हे सांगायला लाज वाटते.

ऑन्टारियोचं हवामान दोन्हीकडून मारतं. सप्टेंबरअखेर तोडणी, तेव्हा पाऊस आणि तळघरात दमट. पावसात भिजलेल्या मोठ्या शेंड्यात करडी बुरशी घुसते. फोटो पाठवला तर आबांनी लगेच ओळखली: द्राक्षाच्या घडात शिरते तीच, बोट्रायटिस. नोव्हेंबरला घर गरम ठेवणारी भट्टी सुरू झाली की आर्द्रता तिशीवर येते आणि कळी दोन दिवसांत करपल्यासारखी होते. म्हणून आता रॅकबरोबर आम्ही आर्द्रतामापक देतोच. गिऱ्हाईक तो नको म्हणालं तर रॅकही देत नाही.

छाटणी आधी की नंतर, यावर इथली माणसं भांडतात. ओली असतानाच बारीक पानं काढली तर ती ताठ असतात, कात्री सरळ चालते, माल लवकर वाळतो. दमट तळघराला हे बरं. पानं तशीच ठेवून वाळवलं तर ती कळीभोवती मिटतात, ओल हळू सुटते. कॅल्गरीसारख्या कोरड्या हवेत हेच करावं. सौ. छाटायला बसते ती मेथी निवडायला बसल्यासारखी, मांडीवर ताट घेऊन. पंधरा मिनिटांत कात्रीला चीक असा धरतो की पाती उघडत नाहीत. म्हणून दोन कात्र्या ठेवायच्या, एक हातात आणि एक आयसोप्रोपाईल अल्कोहोलमध्ये. हातमोजे न घालता बसलं तर तळव्यावर जो काळा थर जमतो, हिमाचलातल्या मलाणा गावची माणसं तोच चोळून काढतात. चरस म्हणतात तो हाच.

प्रात्यक्षिकाला मात्र आम्ही हॉप्स वापरतो. बिअरमधलं हे फूल गांजाच्याच कुळातलं, आणि ते दुकानात ठेवलं तर कुणी लायसन्स विचारत नाही. एवढी काळजी घेऊनही एका पेमेंट कंपनीनं वेबसाईटवर तो एक शब्द दिसला म्हणून आमचं खातं गोठवलं. ऐन हंगामात सहा आठवडे पैसे अडकले. आम्ही विकत होतो जाळी!

आज आम्ही चौघं आहोत, वर्कशॉप भाड्याचं आहे, आणि वर्षाची निम्मी कमाई ऑगस्ट ते ऑक्टोबरची. उरलेल्या दिवसांत लसूण आणि ओरेगॅनोवाले जगवतात.

२०२३ च्या ऑक्टोबरात आबा आले होते. तळघरात आमच्या चार झाडांचा माल टांगलेला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि एक डहाळी वाकवली. ती वाकली, मोडली नाही. "अजून चार दिवस," ते म्हणाले. काडी कट्ट वाजली पाहिजे, मग बरणीत भरायचं, आणि पहिला आठवडा रोज झाकण उघडून हवा द्यायची, हे मी त्यांना सांगणार होतो. पण त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता.

"किती भरंल?"

"इथंही चाराला एकच, आबा."

"आणि भाव?"

घरचा माल विकायला कायद्यानं बंदी आहे, असं सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले. "विकायचा न्हाई, आन् दोन आठवडं राखण करायची?"

चौथ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत ते खाली जाऊन काडी मोडून आले होते.