एकशे चार टक्के मतदान

एका मतदान केंद्रावर १०४ टक्के मतदान! तक्त्यातला तो आकडा पाहून घशाला कोरड पडली. केंद्रनिहाय आकडेवारी संध्याकाळपर्यंत प्रसिद्ध करायची होती. सहकारी म्हणाला, "हीच तर बातमी!" आकडा आला कुठून हे विचारण्याआधी ज्यांना बातमी दिसते, त्यांची मला भीती वाटते.

आमचं काम लोकांना बेरजांचं वाटतं, पण खरा वेळ जातो तो जुळवणीत. निकालाची फाइल एक, मतदारसंख्येची दुसरी. दोन्हींना जोडतो फक्त केंद्र क्रमांक, आणि तो धागा फार कच्चा. एक्सेलमध्ये '००७' चं '७' होतं. '३-५' ची तारीख होते. '१२ई३' या संकेतांकाचे तर चक्क १२,००० होतात, कारण मधल्या 'ई'ला एक्सेल दहाचा घात समजतं. म्हणून कितीही घाई असली तरी क्रमांकाचा कॉलम मी मजकूर म्हणूनच आत घेते. मग उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांशी आणि वैध अधिक बाद मतं एकूण मतांशी ताडून पाहते, ओळ न् ओळ.

सगळ्या बेरजा जुळल्या. गोम निघाली भलतीकडेच: गेल्या निवडणुकीनंतर शेजारचं केंद्र यात विलीन झालं होतं, क्रमांक मात्र जुनाच ठेवलेला. मतदारसंख्या आम्ही जुन्या यादीतली लावली होती. नवी लावल्यावर मतदान ७१ टक्के. जीव भांड्यात पडला.

खात्रीसाठी दुपारी निकालाची फाइल पुन्हा उतरवली, तर त्याच केंद्रावर ३८ मतं कमी! फाइलचं नाव तेच, दुवा तोच, दुरुस्तीचा उल्लेख कुठेच नाही. तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने २०१६ मध्ये निकालांसाठी समान फॉरमॅट प्रसिद्ध केला. आकडे अंशतः आहेत, प्रमाणित आहेत की दुरुस्त केलेले, हे सांगायला त्यात जागा आहे. इथे साधी तारीखही नव्हती. कुणाच्या मनात काळंबेरं होतं असं मी म्हणत नाही, टंकनातली चूक सुधारली असेल. पण दुरुस्ती आणि फेरफार फाइलमध्ये सारखेच दिसत असतील, तर विचारणाऱ्याला मी काय सांगू?

आम्ही दोन्ही आकडे, फाइल उतरवल्याच्या वेळांसह, छापले. संबंधित कार्यालयाला लिहिलं, उत्तर आलेलं नाही. सकाळची प्रत माझ्याकडे होती म्हणून निदान विचारता तरी आलं. ज्याने फाइल पहिल्यांदा दुपारी उतरवली, त्याला ती ३८ मतं कधी तिथे होती हेसुद्धा कळणार नाही.