पेपर, पुरवण्या आणि पानिपत : आमची वाटचाल

वाटचाल लिहायला बसलं की लोक 'छोट्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला' असं लिहितात. आमचं तसलं काही झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९६६ साली आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, साताऱ्यात स्टँडजवळ एक लाकडी फळी टाकून पेपर विकायला सुरुवात केली. आता तिथनं जवळच गाळा आहे, त्यात पेपरची एजन्सी, मासिकांची लायब्ररी आणि मागच्या भिंतीला इतिहासाची नवी-जुनी पुस्तकं. फळी अजून आहे, तिच्यावर रद्दी ठेवतो.

धंद्यातला पहिला धडा आण्णांना लगेच मिळाला. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे सव्वाचारच्या पुढं कोयनेचा भूकंप झाला, अख्खा सातारा अंगणात येऊन उभा राहिलेला, आणि पुण्याचे पेपर तर त्याआधीच छापून गाडीत पडलेले. सकाळी लोक तुटून पडले, पेपर घेतला, उलटासुलटा केला आणि आण्णांवरच चिडले, एवढी जमीन हादरली आणि तुमच्या पेपरात एक ओळ नाही? आण्णा म्हणायचे, त्या दिवशी मला कळलं की गिऱ्हाईकाच्या लेखी संपादक, छापखाना आणि पेपरवाला हे तिघं एकच असतात. १९९३ ला किल्लारीच्या वेळी मी गल्ल्यावर होतो. ३० सप्टेंबर, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला, आणि पेपरात आदल्या दिवशीच्या गणपती विसर्जनाचे फोटो. पुन्हा तेच. तोवर रेडिओ आणि दूरदर्शनवर बातमी आलेली होती, तरी माणसं छापील कागद मागत होती. दुसऱ्या दिवशीचा अंक मात्र उजाडायच्या आत संपला.

आता रोजचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं पेपर टाकणं म्हणजे सायकल आणि घंटी. पहाटे साडेतीन-चारला गठ्ठे येतात, पुण्याच्या वाटेवर खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला असला तर कधी ते देवच जाणे. मग फुटपाथवर बसून पुरवण्या भरायच्या, त्यात क्लासवाल्याचं नाहीतर साडीच्या सेलचं पॅम्प्लेट घालायचं, लाईनप्रमाणे गठ्ठे लावायचे आणि पोरं सुटायची. पावसाळ्यात हे सगळं प्लास्टिकच्या कागदाखाली, आणि साताऱ्याचा जुलै ज्याने बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. १६ ऑगस्टला, २७ जानेवारीला आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पेपर नसतो हे लोकांना वर्षानुवर्षं माहिती आहे आणि वर्षानुवर्षं त्या दिवशी सकाळी सातला फोन येतो, आज टाकला नाही वाटतं?

आम्हाला टिकवलं कुणी, तर स्थानिक पेपरांनी. नव्वदीत मोठ्या दैनिकांनी जिल्ह्याच्या वेगळ्या पुरवण्या सुरू केल्या, आणि त्याच्याही आधीपासून गावची दैनिकं आणि साप्ताहिकं होतीच. दिल्लीत सरकार पडलं की आमचा खप थोडा वाढतो, पण तालुक्यातल्या सोसायटीचं पॅनेल निवडून आलं की दुप्पट होतो. कारण साधं आहे, दिल्लीच्या बातमीत आपलं आडनाव नसतं. स्थानिक पुरवणीत एका फोटोत चाळीस माणसं असतात, खाली नावं दिलेली, शेवटी 'आदी मान्यवर', आणि त्या आदीमध्ये जो गेला तो दुकानात येऊन विचारतो, "आमचं नाव कुठं गेलं वो?" जणू मीच कापलं. वाढदिवसाच्या जाहिरातीत तर आणखी मजा. वर साहेबांचा हसरा फोटो, खाली शुभेच्छुकांचे तिकिटाएवढे चौकोन. ज्याचा चौकोन जरा मोठा, तो पुढच्या निवडणुकीला उभा आहे असं समजावं. हे आमचं भाकीत सहसा चुकत नाही.

साप्ताहिकांबद्दल मला खास आदर आहे. संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि मालक एकच, वार्ताहरही तेच, आणि सोमवारी अंक टाकायला स्कूटरवरून तेच येतात. त्यातली काही खरंच दर आठवड्याला निघतात. बाकीची २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि दिवाळी अशी तीनदा उगवतात, जाड होऊन, शुभेच्छांच्या जाहिराती घेऊन. पण हसण्यावारी नेऊ नका. 'जाहीर नोटीस' नावाचा जो बारीक अक्षरातला मजकूर असतो ना, अमुक गट नंबर, अमुक चतुःसीमा, हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवा, तो अग्रलेखापेक्षा जास्त वाचला जातो, आणि भिंग लावून वाचला जातो. भावाने जमीन विकायला काढल्याचं माणसाला पहिल्यांदा तिथंच कळतं. वकील मंडळी आमच्याकडे दोन-दोन वर्षं जुने अंक शोधायला येतात. म्हणून आम्ही रद्दी घाईने काढत नाही.

६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. १८३२ साली त्या तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी, आणि १८४० ला ते थांबलं. त्या दिवशी गावोगाव संपादक संपादकांना शाल-श्रीफळ देतात. १५ ऑक्टोबर विक्रेत्यांचा, अब्दुल कलामांचा वाढदिवस, ते लहानपणी रामेश्वरमला पेपर टाकायचे म्हणून. आम्हाला नारळ मिळतो, शाल अजून पोचायची आहे.

मधे एक कूपनांचा जमाना आला होता. पेपरातली कूपनं कापून तक्त्यावर चिकटवायची आणि पूर्ण झालं की बादली, डबा, डिनर सेट. त्या काळात एकेका घरात तीन-तीन पेपर जायचे, आणि पहिल्या पानाला खिडकी पडलेली. एका काकूंनी मला सांगितलं होतं, बातम्या नसल्या तरी चालतील, कूपन चुकवू नका. बक्षीस वाटपाच्या दिवशी दुकानासमोर जी रांग लागली तशी कुठल्याही मोठ्या बातमीला लागलेली मी बघितली नाही, आणि डबा छोटा निघाला म्हणून भांडणंसुद्धा आमच्याशीच झाली. योजना संपल्यावर खप कुठं गेला हे विचारू नका.

लायब्ररीचं डोकं आईचं. ती म्हणाली, न खपलेली मासिकं परत पाठवायच्या आधी शेजारणी वाचून घेतातच, मग पैसे तरी घ्या. तेव्हा 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' हे त्रिकूट प्रत्येक खातेदाराला हवं असायचं. यातलं 'किर्लोस्कर' तर मूळचं औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीचं, १९२० साली नांगर बनवणाऱ्या कारखान्याची खबर म्हणून निघालेलं, आणि मग घराघरात गेलं. जाहिरातपत्रकातून इतकं चांगलं मासिक होऊ शकतं यावर आजचे मार्केटिंगवाले विश्वास ठेवणार नाहीत. पोरांना 'चांदोबा', वेताळ कधी एकदा झाडावर परत जातो म्हणून. 'किशोर' १९७१ पासून बालभारतीचा, तो अजून चालू आहे आणि अजून स्वस्त आहे. वाईहून निघणारं 'नवभारत' एक मास्तर न्यायचे आणि दोन महिन्यांनी परत आणायचे, दंड घ्यायची आमची हिंमत व्हायची नाही, कारण ते पैसे देताना त्यातला लेख समजावून सांगायचे.

दिवाळी अंक हा मात्र आमचा खरा सीझन. १९०९ ला काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला असं मानतात, त्यांचे आमच्यावर उपकार आहेत. योजना अशी की एकदाच रक्कम भरायची आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत अंक बदलत राहायचे. सुरुवातीला सगळ्यांना साहित्यिक अंक पाहिजे असतात, चारचौघांत रजिस्टरला तेच लिहायला लावतात. आणि हळूच विचारतात, राशिभविष्यवाला आला का? 'आवाज'मधल्या खिडक्यांची चित्रं लोक काउंटरवरच उघडून बघतात, बंद करतात आणि गंभीर चेहऱ्याने दुसराच अंक घरी नेतात. फेब्रुवारीनंतर ते दुसरे अंक कोरे करकरीत परत येतात, त्यावरून काय वाचलं गेलं नाही ते आम्हाला बरोबर कळतं.

इतिहासाची पुस्तकं आम्ही ठेवायला लागलो ते गिऱ्हाइकांमुळे. सातारा म्हणजे छत्रपतींची राजधानी, इथं प्रत्येक माणूस अर्धा इतिहासकार जन्मालाच येतो, उरलेला अर्धा कट्ट्यावर तयार होतो. आमच्या पेपरच्या धंद्याला तर इतिहासातल्या वादाचा रोख फायदा झालाय. शिवजयंती घ्या. सरकारी १९ फेब्रुवारीची, मग तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेची, आणि जुन्या वळणाची वैशाखातली, जी कोल्हापूर-बेळगावकडं जोरात असते. अभ्यासकांनी त्यावर काय काय पुरावे काढले, जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची जुनी तारीखवार नोंद, कशी उपयोगी पडली, हा मोठा विषय आहे. आमच्या हिशोबाने तीन जयंत्या म्हणजे तीन विशेष पुरवण्या, तीनदा जाहिराती. वाद मिटावा असं कुणाला वाटत असेल तर असो, आमच्याकडून आग्रह नाही.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं इथल्या संग्रहालयात आली तेव्हा तर गल्ल्यावर रोज परिसंवाद. ती खरी महाराजांचीच का? त्या म्युझियमचं स्वतःचं म्हणणं असं की तसं ठामपणे सांगता येत नाही. ती तिकडं गेली ग्रँट डफमार्फत, जो साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी होता आणि ज्याने १८२६ ला मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास छापला. त्या वाघनखांच्या पेटीवरच्या इंग्रजी मजकुरात अफजलखानाला चक्क मोगल सेनापती म्हटलंय, तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता हे इथलं चौथीतलं पोरगं सांगेल. गंमत म्हणजे डफच्या चुका काढायला आपल्याकडं फार वेळ लागला नाही, १८६७ मध्येच नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थी असताना त्याच्यावर जाहीर टीका केली. हे मी एकदा मोठ्या उत्साहाने एका गिऱ्हाइकाला सांगितलं, तर ते म्हणाले, ते असू दे हो, तुमच्याकडं वाघनखांची की-चेन आहे का?

तर इतिहास कोण कसा वाचतं हे इतकी वर्षं बघून माझं एक मत झालंय. माणूस पेपरात जे शोधतो तेच इतिहासात शोधतो, आपलं आडनाव. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला, १७५० ते १७६१ मधली पत्रं, म्हणजे पानिपतापर्यंतची. असले जाडजूड ग्रंथ लोक दुकानात घेतात, थेट मागची सूची उघडतात, बोट फिरवतात, नाव सापडलं तर विकत घेतात, नाही सापडलं तर म्हणतात, राजवाड्यांनी आमच्या घराण्यावर अन्याय केला. पानिपतावर सगळ्यांचे पूर्वज होते आणि सगळे सरदार होते. एवढ्या घोड्यांना चारा घालायला, तळ साफ करायला कोण होतं, ते कुणीच अजून काउंटरवर सांगितलेलं नाही. तसंच पत्री सरकारचं, म्हणजे बेचाळीसच्या लढ्यात साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांनी उभं केलेल्या प्रतिसरकारचं. १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी लुटली गेली, आमच्या भागातली मोठी गोष्ट, करणारी माणसं खरोखर जिवावर उदार झालेली. पण ज्यांचे ज्यांचे आजोबा त्यात होते असं मला सांगण्यात आलंय ते सगळे खरंच तिथं असते, तर गाडी लुटायची गरज नव्हती, नुसती उचलून आणता आली असती.

एका गिऱ्हाइकाने माळ्यावरचा मोडी कागद आणला, आमच्या ओळखीच्या मोडीवाल्या सरांकडून वाचून घेतला. सनद असेल, इनाम असेल, म्हणून घरचे चौघं बरोबर आलेले. निघालं काय, तर पूर्वजाने दुसऱ्याच्या शेतात बैल सोडले म्हणून झालेला दंड. चौघं गप. सर म्हणाले, अहो, दंड भरल्याचीसुद्धा नोंद आहे, घराणं प्रामाणिक होतं. तेवढ्यावर त्यांनी कागद फ्रेम करून लावला, तो दिवाणखान्यात बघायला मिळेल. मला तरी सरदारकीपेक्षा ते बरं वाटलं.

करोनाने हाड मोडलं हे खरं. एप्रिल २०२० मध्ये सरकारने घरोघर पेपर टाकायला बंदी घातली, मग दोन-चार दिवसांत मुंबई-पुणे सोडून परवानगी दिली, पण तोवर लोकांनी पेपर हातात धरायचाच धसका घेतला होता. काहीजण इस्त्री करून वाचायचे. त्यानंतर पहाटे पाचला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ यायला लागली, निम्मी लाईन गेली आणि सगळी परत आली नाही. पोरं मिळत नाहीत, कमिशन वाढत नाही. धंदा वाढवा म्हणणारे सल्लागार भरपूर, पहाटे चारला गठ्ठा उचलायला एक येत नाही.

तरी चाललंय. ज्या दिवशी पीडीएफवाल्याचा स्वतःचा फोटो छापून येतो, मुलगी दहावीला पहिली आली म्हणा, सोसायटीचा चेअरमन झाला म्हणा, त्या दिवशी मोबाईल पुरत नाही. सात वाजायच्या आत तो गाडी लावतो आणि म्हणतो, वीस प्रती द्या. वीस कुठून आणणार? म्हणून आता आम्ही सांगून ठेवलंय, सत्कार आदल्या दिवशी असेल तर संध्याकाळपर्यंत कळवा, जादा मागवून ठेवतो. रोख. उधारीवर सत्कार नाही.

दिवाळी अंकांच्या योजनेची नोंदणी नवरात्रात सुरू होते. जुनी मासिकं आणि इतिहासाची पुस्तकं आम्ही विकतही घेतो, फक्त सूचीची पानं फाडलेली नकोत. आणि पुरवणी आली नाही म्हणून फोन करायच्या आधी एकदा घरातल्या बाकीच्या मंडळींना विचारा, शब्दकोडं कोण घेऊन बसलंय ते.