रात्रभर कधी झोपायला लागली?

लेक ३१व्या आठवड्यात जन्मली हे कळलं की नव्या आया हटकून विचारतात, "मग ती रात्रभर कधी झोपायला लागली हो?" विचारणारीचे जागरणाने ओढलेले डोळे बघितले की नुसता महिना सांगून मोकळं होववत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सगळंच सांगते.

आधी मोजणं बदला. लेकीचा जन्म जूनच्या मध्यावरचा, डॉक्टरांनी दिलेली तारीख ऑगस्टच्या मध्यावरची. सप्टेंबरात घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तीन महिन्यांची झाली, अजून रात्री उठते? तारखेपासून धरलं तर ती एकच महिन्याची होती आणि महिन्याच्या बाळासारखीच झोपत होती. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, सिस्टर याला 'करेक्टेड एज' म्हणायच्या. दिवस-रात्रीतला फरक अंगात उतरायला या वयाचे दोन-तीन महिने तरी जावे लागतात.

घरी आणली तेव्हा दिवसाचे १८-२० तास झोपायची, पण तुकड्यातुकड्यांनी. आणि ती झोप मला झोप वाटायचीच नाही. कण्हायची, तोंड वेडंवाकडं करायची, हातपाय झटकायची, मध्येच हसायची. मी लगेच उचलायचे. सासूबाई म्हणायच्या, "सटवाई खेळवतेय गं तिला, राहू दे." तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, ही सक्रिय झोप. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची निम्मी झोप अशी असते, लवकर आलेल्याची त्याहूनही जास्त, आणि मेंदूची बरीचशी घडण याच झोपेत होते. म्हणजे इतके दिवस मी तिला निजवत नव्हते, उठवत होते. त्या दिवशी रिक्षात मला रडू आवरेना. पुढे नुसता हात अंगावर ठेवून थांबायचे. बहुतेक वेळा ती आपली आपण निवायची.

श्वासाचं मात्र नीट ऐका. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं या बाळांत दिसतं. पण २० सेकंद थांबला, ओठ निळसर दिसले किंवा अंग ढिलं पडलं, तर क्षणभरही वाट न बघता दवाखाना गाठायचा.

झोपलेल्या बाळाला उठवू नये म्हणतात, पण आम्हाला उठवावंच लागलं. ही बाळं भुकेनं जागी होतीलच असं नसतं, म्हणून सुरुवातीला दर तीन तासांनी दूध. वजन वाढीला लागल्यावर डॉक्टरांनीच गजर बंद करायला सांगितलं.

सगळ्यात अवघड गेली ती मोहरीची उशी. आत्तेसासूबाईंनी प्रेमानं शिवून आणली होती आणि मला ती नाही म्हणावी लागली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना झोपेत अचानक दगावण्याचा धोका जास्त असतो. म्हणून घट्ट, सपाट गादी, बाळ उताणं, जवळ उशी नाही की मऊ गोधडी नाही. एनआयसीयूत तिला पालथं निजवलेलं मी पाहिलं होतं, पण तिथे मॉनिटर होता. ओव्याची धुरीही बंद केली. त्या फुप्फुसांना धूर कसा सोसावा?

तिची गाढ झोप मी पाहिली ती कांगारू काळजीत, उघड्या छातीशी धरल्यावर. ही पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. माझे डोळे मिटायला लागले की मात्र तिला तिच्या गादीवर ठेवायचं, हे ठरलेलं.

आमचं घर नदीपात्राजवळ. ती आली आणि ढोल-ताशा पथकांचा सरावही सुरू झाला. एनआयसीयूत सगळे दबक्या आवाजात बोलायचे, आणि इथे संध्याकाळी खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आम्ही मागच्या खोलीत मुक्काम हलवला. दिवसा पडदे उघडे, रात्री पाजतानाही दिवा अगदी मंद.

तर, कधी? जानेवारीत. जन्मापासून सात महिने, तारखेपासून पाच. बोरन्हाण झालं त्या रात्री अकराला पाजलं आणि मला जाग आली तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. मी दचकून तिच्या छातीवर हात ठेवला. ती संथ श्वास घेत होती आणि मुठीत आदल्या दिवशीच्या हलव्याच्या दागिन्याचा दोरा तसाच होता.