कानाने काढलेला फोटो

पाण्यात पडणाऱ्या थेंबाचे पहिल्या दिवशी मी २४० फोटो काढले आणि त्यातल्या बहुतेकांत नुसतं पाणी होतं. सपाट, शांत; थेंब पडायच्या आधीचं, नाहीतर सगळं निवल्यानंतरचं. सात-आठ फोटोंत थेंब सापडला, पण त्याला थेंब म्हणायला जीभ रेटेना. उभी पांढुरकी रेघ होती ती. पाण्यातून वर उसळलेला खांब आणि त्याच्या टोकावर तोललेला मणी असं चित्र डोक्यात घेऊन मी बसले होते.

मांडणी तशी साधीच. काचेचं पसरट भांडं काठोकाठ भरलेलं, म्हणजे फोटोत काठ येत नाही. मागे निळा कागद. वर ४० सेंटिमीटरवर स्टँडला बांधलेली सलाईनची नळी. या नळीवर मी फार खूश होते, कारण तिच्या चाकाने थेंबांची गती हवी तेवढी कमी-जास्त करता येते आणि थेंब एकसारखे पडतात. पाकिटावर लिहिलंच होतं, २० थेंबांचा १ मिलिलिटर. हिशेब केला तर थेंब साडेचार मिलिमीटर जाडीचा निघतो. फोकससाठी भांड्यावर एक पट्टी आडवी टाकायची, थेंब तिच्यावर नेमका जिथे फुटतो तिथे पेन्सिलीने खूण करायची, खुणेवर हाताने फोकस धरायचा आणि पट्टी काढून घ्यायची. ऑटोफोकस या कामात निव्वळ डोकेदुखी.

अगदी जवळून मोठं चित्र टिपणारी मॅक्रो लेन्स माझ्याकडे नाही. साध्या ५० मिमीच्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे सरकवणारी पोकळ नळी लावते; ती जितकी लांब तितकं चित्र मोठं. जितकं मोठं दिसेल तितकं चांगलं, या हावरटपणात मी ३६ मिमीची ट्यूब लावली. त्याची फळं दोन मिळाली. लेन्स थेंबाच्या इतकी जवळ आली की प्रत्येक शिंतोडा थेट काचेवर. आणि लेन्सचं छिद्र एफ/११ इतकं बारीक ठेवूनही स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दीड मिलिमीटरचा. साडेचार मिलिमीटरच्या थेंबाला दीड मिलिमीटर! शेवटी २० मिमीची ट्यूब लावली. चित्र लहान झालं, पण पट्टा चार मिलिमीटरच्या जवळ गेला, खांब डोक्यासकट चौकटीत मावायला लागला आणि लेन्स पुसायचं काम थांबलं.

रेघेचं कोडं सुटायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या. ४० सेंटिमीटरवरून सुटलेला थेंब पाण्याला टेकतो तेव्हा सेकंदाला सुमारे २.८ मीटर वेगाने येत असतो. शटर १/४००० सेकंदावर ठेवलं तरी तेवढ्यात तो ०.७ मिलिमीटर सरकतो, आणि इतक्या जवळून ते सरकणं लपत नाही. शिवाय एवढ्या छोट्या शटरला उजेड पुरत नाही म्हणून आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) चढवायचा, की फोटोभर रवाळपणा. मग फ्लॅश काढला. फ्लॅश म्हणजे पापणी लवायच्या आत सगळं संपलं, असा माझा समज होता. पूर्ण ताकदीवर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास जळत राहतो आणि तेवढ्यात थेंब जवळजवळ तीन मिलिमीटर खाली येतो. म्हणजे पुन्हा रेघ, फक्त जास्त उजळ!

ताकद कमी केली की फ्लॅशचा उजेड कमी होतो हे माहीत होतं. तो कमी होतो, कारण फ्लॅश कमी वेळ जळतो, हे लक्षात आलं नव्हतं. १/१२८ ताकदीवर आणला की तो सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास संपतो. त्या पहिल्या फोटोत थेंबाच्या कडेवर निळ्या कागदाची बारीक चंद्रकोर दिसली, कातरल्यासारखी स्वच्छ. मी ती घरभर दाखवत फिरले. बहिणीने मान डोलावली आणि विचारलं, "ताई, पण यात खांब कुठाय?"

खांब नव्हताच. थेंब आदळल्यावर आधी खळगा पडतो, भोवती मुकुट उठतो, मग खळगा भरून येताना मधून खांब वर येतो आणि खाली बसतो. सगळा खेळ सेकंदाच्या छोट्याशा हिश्श्याचा. मी थेंब पडलेला बघून बटण दाबत होते. डोळ्यांनी बघून बोटापर्यंत निरोप पोचायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो, वर कॅमेऱ्याची स्वतःची सुस्ती. माझं बोट दर वेळी वरात गेल्यावर मांडवात पोचत होतं.

यावर उपाय म्हणून मी खोली अंधारी केली. शटर बल्ब मोडवर, म्हणजे आपण बंद करेपर्यंत, उघडं टाकायचं आणि फ्लॅश हाताने, तो दुरून उडवणाऱ्या ट्रिगरचं टेस्ट बटण दाबून उडवायचा. काळोखात उघडं शटर काहीच टिपत नाही, फोटो होतो तो फ्लॅशच्या क्षणाचा. कॅमेऱ्याची सुस्ती मधून गेली. पण थेंब दिसायचाही बंद झाला. आता काय? बसून राहिले. टप्. टप्. टप्. चाकाने सेकंदाला एक थेंब धरला होता. दोन-तीन मिनिटं नुसती ऐकत राहिले आणि मग जाणवलं, की मान आपोआप हलायला लागली आहे. पुढचा थेंब कधी येणार हे बघायची गरजच नव्हती. टाळी समेवर द्यायची तर सम ऐकून कोणी देत नाही, आधीच हात निघालेला असतो. तसं बटण. ठेक्यावर दाबलं की मुकुट, ठेक्यानंतर अगदी किंचित रेंगाळून दाबलं की खांब. ते 'किंचित' किती, हे सांगता येत नाही. पण वीस-तीस थेंबांनंतर बोटाला ते कळायला लागलं. त्या रात्री ६० फोटोंत ११ खांब मिळाले.

या खांबाला इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनीही अंधाऱ्या खोलीतच विजेची ठिणगी पाडून हे शिंतोडे पाहिले होते. सुरुवातीला कॅमेरा नव्हता, ठिणगीच्या उजेडात डोळ्यांत राहिलेलं चित्र ते कागदावर काढायचे. हे वाचल्यावर माझी २४० फोटोंची तक्रार मी गुपचूप मागे घेतली.

अंधाराचे तोटेही सांगते. हजार थेंब म्हणजे ५० मिलिलिटर, आणि भांडं तर काठोकाठ भरलेलं. पाणी काठावर फुगून थोडा वेळ धीर धरतं, मग एका बाजूने गुपचूप सांडत राहतं. मी गुडघे टेकून बसले होते, ओल अंगावर आली तेव्हा कळलं. तेव्हापासून भांड्याखाली एक मोठी परात आणि फ्लॅश प्लास्टिकच्या पिशवीत.

दुसरी फजिती माझ्या हौसेची. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकले तर पृष्ठताण कमी होऊन आकार बदलतात असं ऐकलं होतं, म्हणून टाकले. ठेकाच गेला! थेंब पडत होते, पण टप् ऐकू येईना, नुसतं काहीतरी मऊ, फुसकं. आधी वाटलं नळी तुंबली. नंतर वाचनात आलं, की तो आवाज थेंब आपटण्याचा नसतोच. थेंबामागे पाण्याखाली हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो, तो थरथरतो आणि वरचं पाणी थरथरवतो, त्याचा तो आवाज. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०१८ मध्ये दाखवलं होतं, आणि गळक्या नळाची टपटप थांबवायची असेल तर खालच्या पाण्यात साबण घाला, असंही त्यातून निघालं होतं. गळक्या नळाला उत्तम. मी मात्र भांडं तीनदा धुतलं आणि साध्या पाण्यावर परत आले.

आता माझा जीव छत्रीवर होता. पहिल्या थेंबाचा खांब वर आलेला असताना दुसरा थेंब बरोबर त्याच्या डोक्यावर आदळला, की पाण्याची पातळ छत्री उघडते. त्यासाठी दोन थेंबांत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास अंतर लागतं. लोक त्यासाठी विजेवर चालणारी झडप आणि टायमर लावतात. माझ्या चाकाने थेंब इतके जवळ आणायचे म्हटलं तर धारच लागायची. चार रात्री घालवल्या आणि सोडून दिलं.

पाचव्या रात्री पुन्हा खांबच काढत होते. टप्, टप्, आणि मग एकदम ठेका चुकला. नळीत हवेचा फुगा शिरला होता. क्षणभर काहीच नाही, मग लागोपाठ टप्‌टप्, आणि दचकून माझं बोट बटणावर पडलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ते हे असं. स्क्रीनवर छत्री होती. एका बाजूला कललेली, कडेला फाटून तिथून बारीक मणी उडालेले, दांडा वाकडा.

सध्या मी नळीत मुद्दाम हवा सोडून बघते आहे. ७०० फोटो झाले, दुसरी छत्री अजून नाही.