सर्व्हर मध्येच गेला तर?

आज डिझाइन रिव्ह्यू होता. नवी सर्व्हिस, तिचा वेगळा डेटाबेस, मध्ये क्यू, म्हणजे मेसेजची रांग. बोर्डवर सगळं झकास. मी एवढंच विचारलं, ऑर्डर सेव्ह झाली आणि क्यूत मेसेज पडायच्या आत सर्व्हर गेला तर? सगळे गप्प. मग गाडी आउटबॉक्स टेबलवर आली: ऑर्डर आणि या टेबलातला मेसेज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही) लिहायचे, पाठवायचं काम नंतर दुसरी प्रोसेस करेल. मेसेज दोनदा जाऊ शकतो, म्हणून घेणाऱ्याने आयडी तपासायचा.

पूर्वी क्वेरी रखडली की मला हाक यायची. एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते) बघायचं, इंडेक्समधल्या कॉलमचा क्रम बदलायचा, काम फत्ते. आता आर्किटेक्ट झाल्यावर कोड कमी, प्रश्न जास्त (आणि मीटिंगा तर विचारूच नका). ज्युनिअर विचारतात, आर्किटेक्ट व्हायला कुठलं फ्रेमवर्क शिकू? मी म्हणतो, आधी लॉक आणि आयसोलेशन लेव्हल, म्हणजे एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन्स एकमेकांपासून किती वेगळी राहतात ते. एडगर कॉडचं रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडायची पद्धत) १९७० चं, अजून रोज कामाला येतं.